आडनावात गाव, गावात वाडी, वाडीत घर

देवरुखकर आडनावाची माणसे भेटतात ती बहुधा देवरूखच्या बाहेर. गिरगावात, डोंबिवलीत, पुण्यात, कुठेही. कोकणात रीतच तशी आहे. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावावे लागत नाही. तिथे तो कुणाचा मुलगा, कोणत्या वाडीतला, कोणत्या घरचा, एवढ्यावर ओळखला जातो. घाट चढला किंवा मुंबईच्या बोटीत बसला की परक्या ठिकाणी कुणीतरी विचारते, ‘गाव कुठलं?’ आणि तेच उत्तर पुढे शाळेच्या दाखल्यावर, गिरणीच्या हजेरीपटावर आणि रेशनकार्डावर चढते. ‘कर’ लागलेले आडनाव हा घराण्याच्या स्थलांतराचा पहिला पुरावा आहे.

पहिला, पण अपुरा. एकच आडनाव निरनिराळ्या जातींत सापडते. गाव सोडण्यापूर्वीचे कुळाचे आडनाव बऱ्याचदा त्याच्याखाली झाकले जाते. गाव कोणत्या साली सोडले, तेव्हा मागे कोण राहिले, वाडी कोणती, घर कुठले, यातले काहीच आडनाव सांगत नाही. ते शोधायचे तर कागदांकडे जावे लागते, आणि कोकणातले कागद एका जागी कधीच नव्हते.

असेच एक कोकणी आडनाव २०१७ साली आयर्लंडच्या पंतप्रधानपदी पोहोचले. लिओ वराडकर यांचा जन्म डब्लिनचा. वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडच्या घराण्यातले, तर आई वॉटरफर्ड परगण्यातल्या डन्गार्व्हनची. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस, पंतप्रधानपदावर असतानाच, ते कुटुंबीयांसह वराडला येऊन गेले. अशा घरातल्या एखाद्याला दोन्हीकडचे पूर्वज शोधायचे झाले, तर त्याला अगदी वेगळ्या स्वभावाच्या दोन दफ्तरांतून जावे लागेल. ती दफ्तरे शेजारी ठेवून पाहिली की आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे चटकन ध्यानात येते.

आयर्लंडमध्ये पूर्वजांचा शोध हा घराघरातला विषय आहे आणि त्यामागे मोठे दुःख आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि १८५२ पर्यंतच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्यांची खापरपणतवंडे आज अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत आणि आपले गाव शोधत आहेत. त्यांच्यासाठी कागद मुबलक असायला हवे होते, कारण आयर्लंडमध्ये १८२१ पासून घरटी जनगणना होत होती. पण ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीच्या आवारातला सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत जळाला. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चारही जनगणना थोडी पाने वगळता गेल्या. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारने त्याआधीच नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. एकोणिसाव्या शतकातली एकही जनगणना धड उरली नाही. पूर्ण हाती आहेत त्यांत सर्वांत जुन्या १९०१ आणि १९११ च्या. त्यांतले घरोघरचे तक्ते आज कुणालाही फुकट पाहता येतात, कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट. १९११ च्या तक्त्यात तर विवाहित बाईला मुले किती झाली आणि त्यांतली जगली किती, हेही विचारलेले आहे.

जनगणना जळली, तरी कॅथलिक चर्चच्या वह्या वाचल्या, कारण त्या सरकारी दफ्तरात नव्हत्याच. त्या ज्या त्या गावच्या चर्चमध्ये होत्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्या फिल्म घेतल्या आणि २०१५ च्या जुलैमध्ये तीन लाख सत्तर हजारांहून अधिक पानांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख असते, बाळाचे नाव असते, आईवडिलांची नावे असतात, धर्मपालकांची नावे असतात. धर्मपालक बऱ्याचदा नात्यातलेच. आणि आईच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव लिहिलेले असते. गरीब मजुराच्या मुलाचीही नोंद तशीच आणि जमीनदाराच्या मुलाचीही तशीच.

चर्चच्या वहीला जोड म्हणून जमिनीचा कागद आहे. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली देशभरातल्या जमिनींचे आणि घरांचे मूल्यांकन झाले. कर बसवण्यासाठी केलेला हा खटाटोप आज हरवलेल्या जनगणनेची जागा भरून काढतो. त्यात माणूस सापडतो तो ‘टाऊनलँड’ या सर्वांत लहान घटकाखाली. देशात असे साठ हजारांहून अधिक टाऊनलँड आहेत. आपल्या वाडीसारखेच ते. वाडी ठाऊक नसेल तर कोकणात माणूस सापडत नाही, तसे टाऊनलँड ठाऊक नसेल तर आयर्लंडमध्ये एकाच नावाचे वीस जण समोर येतात आणि आपला कोणता ते कळत नाही.

आता कोकणाची बाजू.

भारतातही जनगणना जुनी आहे. १८७२ पासून तिची परंपरा सांगतात आणि १८८१ पासून २०११ पर्यंत ती देशभर एकाच वेळी, दर दहा वर्षांनी होत आली. पण तिचा पूर्वज शोधायला उपयोग नाही. आकडे काढले, अहवाल छापले आणि माणसांची नावे असलेले तक्ते जपून ठेवण्याची चाल पडली नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने तर व्यक्तीची माहिती गोपनीय ठरवली आहे. ती कुणाला पाहता येत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. आयर्लंडप्रमाणे शंभर वर्षांनी तक्ते खुले करण्याची सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे देवरूखच्या माणसाचा शोध जनगणनेपासून सुरू होत नाही, तो जमिनीपासून सुरू होतो.

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय, त्यामुळे तालुक्याची तहसील कचेरी देवरुखातच आहे. सुरुवात करायची ती घरात असेल त्या सातबाराने. सातबाराच्या उताऱ्यावर नावांच्या जोडीला फेरफारांचे क्रमांक असतात. बहुतेक लोक नाव आणि क्षेत्र पाहतात आणि उतारा घडी करून ठेवतात. पूर्वज शोधणाऱ्याने ते क्रमांक वाचावेत, कारण त्या प्रत्येक क्रमांकामागे गाव नमुना सहामधले एक पान आहे. त्या पानावर चार रकाने असतात. पहिल्यात नोंदीचा अनुक्रमांक, दुसऱ्यात हक्क कसा मिळाला त्याचा मजकूर, तिसऱ्यात कोणत्या भूमापन क्रमांकावर परिणाम झाला ते आणि चौथ्यात तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. खरे धन दुसऱ्या रकान्यात असते. खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे इतके, मुली इतक्या, विधवा अमुक, मोठा मुलगा राहणार मुंबई, सबब वारसांची नावे दाखल. तलाठ्याने महसुलाच्या कामासाठी लिहिलेल्या या चार ओळींत मृत्यूची तारीख, भावंडांचा क्रम, मुलींची सासरची नावे आणि मुंबईला कोण गेले होते, एवढे सगळे मिळून जाते. त्या फेरफारात आधीच्या फेरफाराचा धागा असतो. असे एकेक पाऊल मागे गेले की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जाता येते.

नावांपुढची लहान अक्षरेही वाचायला हवीत. ‘एकुम’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एका नावामागे अख्खे कुटुंब उभे असते. ‘अपाक’ म्हणजे अज्ञानाचे पालन करणारा. ते लिहिलेले दिसले की समजावे, वारस तेव्हा वयात आलेला नव्हता, म्हणजे वडील लवकर गेले. कोकणातल्या सातबारावर चार गुंठ्यांना पन्नास नावे असतात, याला सगळेच वैतागतात. जमीन विकताना, घर बांधताना त्याचा त्रास होतो हे खरेच. पण तीच लांबलचक यादी म्हणजे सरकारने सांभाळलेली वंशावळ आहे, हेही तितकेच खरे.

या वाटेवर एक मोठा अडसर येतो. तो खोतीचा. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावे खोती होती. सारा भरायचा खोताने आणि कुळांकडून वसूल करायचा तोही त्यानेच. त्यामुळे सरकारी कागदावर खोताचे नाव ठळक आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव खोताच्या घरच्या वहीत. १८८० च्या खोती कायद्यानंतर गावोगाव जी बोटखते तयार झाली, त्यांत जमीन कुणाच्या कब्जात आणि कोणत्या हक्काने, याची नोंद आली. म्हणून ज्यांच्या घरात खोती नव्हती त्यांच्यासाठी बोटखत हा फार मोलाचा कागद आहे. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ने कूळ जमिनीचे मालक ठरले आणि कूळकायद्याच्या कलम ३२ ग खाली गावोगाव चौकशा झाल्या, जबाब झाले, किंमत ठरली. कित्येक कुणबी आणि इतर कष्टकरी घराण्यांचे तपशीलवार असे पहिले कागद या चौकशांतलेच. ‘आमच्याकडे काही जुने नाही’ असे अशा घरातला माणूस म्हणतो, तेव्हा त्याने ३२ ग चे दफ्तर पाहावे.

ज्यांच्या नावावर जमीन कधीच नव्हती त्यांचे काय? त्यांना शाळेच्या वहीने सर्वांत जास्त साथ दिली आहे. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे आडवे रकाने. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला याचे सर्वांत मोठे उदाहरण सांगायची गरज नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. कुळाचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त. शाळेच्या एका ओळीत एका घराण्याचा केवढा प्रवास आहे! महाराष्ट्र सरकार आता तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. कोकणातल्या अनेक महार घराण्यांचा शोध अशा तीन ठिकाणी पोहोचतो, एक शाळा आणि दुसरे लष्कराचे दफ्तर. तिसरे ठिकाण महार वतनाच्या नोंदींचे.

शाळेच्या वहीतली जन्मतारीख मात्र जपून घ्यावी. मागच्या पिढीत एक जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहिली की कारण कळते. घरी तारीख ठाऊक नसे आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने वय जुळवून तारीख घालत. बाळंतपणे घरी सुईणीच्या हातून होत. देवरुखात इंदिराबाई हळबे म्हणजे मावशींनी १९५४ मध्ये मातृमंदिर सुरू केले तेही प्रसूतीच्या सोयीपासून. जन्ममृत्यूच्या नोंदीचा देशव्यापी कायदा आला १९६९ मध्ये. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये, कोतवालाच्या वहीत मिळतात. काही गावांत त्या नीट आहेत, काही गावांत वाळवीने खाल्ल्या आहेत.

महसूल आणि शाळा यांच्या मागे जायचे तर धर्माच्या वह्यांकडे वळावे लागते. आयर्लंडमध्ये जे काम पाद्र्याने केले, ते आपल्याकडे तीर्थोपाध्यायांनी केले. नाशिकच्या रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरी, प्रयागला, गयेला, हरिद्वारला. यजमान आला की उपाध्याय गाव, जात, आडनाव विचारतो, लाल कापडात बांधलेली नामावळी सोडतो आणि आधी कोण येऊन गेले ते वाचून दाखवतो. मग नवा यजमान आपल्या हाताने नावे लिहितो: वडील, चुलते, भाऊ, मुले, नातू, गाव, तारीख, कशासाठी आलो ते. आपल्या पणजोबांची सही अशी अवचित समोर आली की माणसाचा कंठ दाटतो. नुसत्या नावापेक्षा त्या अक्षराच्या वळणात जिवंत माणूस असतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने १९७७ पासून हरिद्वारच्या अशा वह्यांच्या फिल्म घ्यायला सुरुवात केली. परक्यांना या वह्यांचे मोल कळले, तेव्हा आपल्याकडे त्यांना नुसत्या धार्मिक समजले जात होते.

पण ही सोयसुद्धा सर्वांना नव्हती. तीर्थयात्रा परवडणाऱ्यांची आणि देवाच्या दारात शिरू दिलेल्यांची नावे त्या वह्यांत आहेत. कोकणातल्या मुस्लिम घराण्यांचा माग जमातीच्या दफ्तरांतून आणि काझीच्या निकाहाच्या नोंदींतून लागतो. किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल घराण्यांनी तर पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांची नावे थेट इस्राएलपर्यंत नेली आहेत. चर्चच्या वहीतून पूर्वज शोधण्याची खरी आयरिश पद्धत पाहायची तर शेजारच्या गोव्यात जावे. तिथे चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या जुन्या वह्या आहेत, शिवाय पोर्तुगीज राजवटीतली नागरी नोंदणीही आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्यामुळे आजोबांचा जन्मदाखला शोधणे हे तिथे कित्येक घरांचे निकडीचे काम होऊन बसले आहे.

या सगळ्या दफ्तरांत एक मोठी पोकळी आहे, ती बायकांची. आयर्लंडच्या साध्या नोंदीत जे आईचे माहेर सहज मिळते, ते मराठी कागदांत शोधून दमायला होते. जुन्या कागदात बाई येते ती ‘भागीरथी कोम गणू’ अशी, म्हणजे गणूची बायको. लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलले जाई, त्यामुळे तीच मुलगी माहेरच्या कागदात एक आणि सासरच्या कागदात दुसरी असते. छापील वंशावळीत तर किती पिढ्यांच्या मुलींना जागाच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस झाली आणि फेरफारात मुलींची नावे नेमाने येऊ लागली. त्याआधीच्या बायका कुठे सापडतात? एक जागा आहे, आणि ती फारशी कुणी पाहत नाही. पितृपक्षातल्या महालयाच्या श्राद्धाला वडील, आजोबा, पणजोबा यांच्यासोबत आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावी लागतात, आईच्या वडिलांचीही, काकू, आत्या, मावशी यांचीही. गुरुजींना ऐनवेळी नावे सांगता यावीत म्हणून बऱ्याच घरांत त्यांची यादी एखाद्या वहीत लिहिलेली असते. दुसरी जागा म्हणजे लग्नामुंजींतल्या आहेराच्या वह्या आणि जुन्या लग्नपत्रिका. कुणाच्या माहेरून कोण आले, काय दिले, गाव कोणते, हे त्यांत हमखास मिळते.

छापील कुलवृत्तांताची परंपरा मराठीत जोमदार आहे. गोखले, बापट, पेंडसे, लिमये अशा कितीतरी घराण्यांनी विसाव्या शतकात आपले जाडजूड ग्रंथ छापले. गावोगाव पत्रे पाठवून, सणासमारंभात माणसे गाठून, शाखेमागून शाखा जोडत स्वयंसेवकांनी हे काम केले आणि ते मोठे काम आहे. तरी कुलवृत्तांत वाचताना एक भान ठेवावे. मूळ पुरुषाबद्दलची कथा आणि नंतरच्या पिढ्यांची नोंद यांचे वजन सारखे नसते. जुन्या वंशावळी कित्येकदा हक्क सिद्ध करायला लिहिल्या गेल्या. १८५२ नंतर इनाम कमिशनने इनामदारांकडून कैफियती आणि वंशावळी मागवल्या, तेव्हा दाव्याला उपयोगी पडतील त्या फांद्या ठसठशीत आल्या आणि बाकीच्या सुकल्या. कागद का लिहिला, हे आधी विचारावे. मग तो काय सांगतो ते ऐकावे.

पेशवाईतले आणि त्यानंतरचे कागद पाहायचे तर मोडी आल्याशिवाय गत्यंतर नाही. पुण्याचे पुराभिलेखागार हा त्यांचा महासागर आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले, तरी तो एक थेंबच. १९१० मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्यांची दफ्तरे आहेत. मोडी शिकायला काही महिने लागतात. मात्र ती आली की आपल्याच माळ्यावरच्या कागदांचे गाठोडे बोलू लागते.

अलीकडे मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली ती राजकारणामुळे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली दफ्तरे उघडली गेली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, पक्का बुक, शेतवारपत्रक, क्लासर रजिस्टर, १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, पोलिसांच्या गुन्हे नोंदवह्या, तुरुंगाची रजिस्टरे, दत्तकपत्रे. पन्नास लाखांहून अधिक कुणबी नोंदी मिळाल्याचे जाहीर झाले. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू काहीही असो, या मोहिमेने एक गोष्ट दाखवून दिली. सामान्य माणसाची नावे सरकारी दफ्तरात विपुल आहेत. ती पाहायला कुणी गेले नव्हते, एवढेच. ही पाने नुसत्या दाखल्यांपुरती न राहता, आयर्लंडने केले तसे, शोधण्याजोगी आणि सर्वांना खुली झाली पाहिजेत. महसूल खात्याने ‘आपले अभिलेख’ या नावाने जुने सातबारे आणि फेरफार पाहण्याची सोय केली आहे. शाळांच्या रजिस्टरांचे आणि बोटखतांचेही तसे व्हायला हवे.

कोकणातून निघून पार समुद्रापलीकडे गेलेल्यांची गोष्ट तर याहून वेगळी, आणि अजब म्हणजे त्यांचे कागद आपल्यापेक्षा चांगले आहेत. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर काम करायला हिंदुस्थानातून माणसे मॉरिशसला गेली. त्यात रत्नागिरी आणि आसपासच्या मुलुखातली मराठी माणसे होती. त्यांची बोट मुंबई बंदरातून सुटे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या स्थलांतरितांचे दफ्तर आहे. प्रत्येकाला एक क्रमांक आणि त्यापुढे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, बोट, अंगावरच्या खुणा. पुढच्या काळातल्या कित्येकांचे छायाचित्रसुद्धा आहे. जी माणसे कोकणातल्या कागदांत कधी आली नसती, त्यांचा चेहरा मॉरिशसमध्ये जपून ठेवलेला आहे. ती वही प्रेमाने लिहिलेली नव्हती. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणूनही ती लिहिली जाई. तिथे बापाचे नाव हेच मुलांचे आडनाव झाले आणि कुळाचे आडनाव मागे पडले. म्हणून मॉरिशसच्या मराठी माणसाला गावाचे नाव वहीत मिळते, ते इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले, आणि ते गाव आज कोणते, हे ठरवायला कोकणातल्याच माणसाची मदत लागते. २०२४ च्या मार्चमध्ये भारत सरकारने भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याचे जाहीर केले. तेव्हापासून या वह्यांना आणखी अर्थ आला आहे.

कोकणात अजून एक दफ्तर आहे, ते कागदावर नाही. शिमग्याला पालखी वाडीवाडीतून फिरते तेव्हा कोणत्या घराचा मान पहिला, गाऱ्हाणे कोण घालतो, हे गावाला पाठ असते. देवरुखची ग्रामदेवता सोळजाई असो की दुसऱ्या गावची कुणी, मानाचा क्रम गावात कोण आधी आले आणि कोण कुणाचा भाऊबंद, याची खूण असतो. अर्थात तो गावातल्या सत्तेचीही खूण असतो. त्यामुळे तो क्रम पुरावा मानताना, ज्यांना मान दिलाच गेला नाही त्यांची आठवण ठेवावी. गुरव, गावकर आणि म्हाताऱ्या बायका हे सारे तोंडपाठ सांगतात, पण विचारले तरच.

कोकणातला कागद पावसाला फार दिवस पुरत नाही. माळ्यावरची पत्र्याची पेटी गळक्या कौलाखाली असते, वाळवी दर वर्षी एखादे पान नेते आणि घर पाडून नवे बांधताना जुने गाठोडे चुलीत जाते. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा त्यांनी एवढे करावे. पेटी उन्हात उघडावी, प्रत्येक पानाचे मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र घ्यावे, मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून फेकू नयेत. सातबारावरच्या फेरफारांचे क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत आणि तहसील कचेरीत त्यांच्या नकलेचा अर्ज द्यावा. आणि घरात जी सर्वांत वयस्क बाई असेल तिच्याजवळ बसून तिचे माहेरचे पूर्ण नाव, तिच्या आईचे, आजीचे नाव आणि त्यांची गावे लिहून घ्यावीत, कारण ही माहिती कुठल्याच सरकारी दफ्तरात मिळणार नाही.